एका माणसाची एक्क्याण्णव किलो साखर

कॅम्प-१, भिलाई
१२ जून १९९६

चि. शैलास, मामाचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं नकाशाचं भेंडोळं काल दुपारी पोचलं. पोस्टमन म्हणतो, "पतंग मँगाए हो का कक्का?" म्हटलं, पतंगच समज. भोपाळहून भाचीनं उडवलेला.

खाटेवर उलगडला आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. सगळा दुर्ग जिल्हा फिकट पिवळा, कापणीनंतरच्या धानाच्या बांध्यांसारखा. आणि मधोमध एकच लालभडक ठिपका. तू पेन्सिलीनं बाण केलास म्हणून कळलं, नाहीतर विश्वास बसला नसता. तो ठिपका आपल्या कॅम्पावर आणि कॅम्पातही नेमका आपल्याच गल्लीवर. चष्मा काढून पुसावा लागला. चौथीत आम्ही नकाशे भरायचो. वर्धा नदी निळी करायची, रान हिरवं. आमच्या आर्वीला रंग भरायला जागाच नसायची, नुसतं एक टिंब. गुरुजी कविता म्हणवून घेत आणि आम्ही तालावर ते टिंब गिरवून गिरवून कागदाला भोक पाडायचो. साठ वर्षांनी त्या पोराच्या गल्लीला सरकारनं रंग दिला. मनात ओळी आल्याच:

सगळा मुलूख फिका पडावा,
एकच गल्ली लाल दिसावी.

वर बारीक इंग्रजी अक्षरं आहेत. त्यात लोकसंख्या आणि साखर एवढं लागलं. म्हणजे आपल्या गल्लीच्या गोडीची नोंद झाली असावी. तसं मी सर्वांना सांगितलंही. जानराव, तोच आपला रेशन दुकानवाला, नकाशा घेऊन गेला आणि तराजूच्या वर टांगून बसला. फक्त शेजारच्या तुळसाबाईनं विचारलं, "या लालाचा मतलब काय होते पुंडलिक?"

म्हटलं, "मान."

"कोनाचा?"

"आपला सगळ्याइचा."

"मंग नळ कावून येऊन नाही राहिला दोन दिवसापासून?"

तिचं असंच असतं. तुझी आई बरी आहे ना? दुसरी एक प्रत पाठव, फ्रेम करतो.

तुझा मामा,
पुंडलिक

भोपाळ
२४ जून १९९६

ती. मामांस सा. न.

मामा, आधी तो नकाशा दुकानातून काढा. त्याच दुकानात तो टांगला आहे हे साहेबांना कळलं तर ते हसतील की रडतील, सांगता येत नाही.

सीधी बात सांगते. आमच्याकडे जी.आय.एस. नावाचं सॉफ्टवेअर आलंय. एसीची खोली, चपला बाहेर. टेबलावर कागदी नकाशा पसरायचा आणि गल्ल्यांच्या हद्दी बटण दाबत दाबत गिरवायच्या. मग प्रत्येक तुकड्याला आकडे चिकटवायचे, माणसं किती आणि रेशनची साखर किती उचलली. मशीन भागाकार करते आणि रंग भरते. माणसामागे साखर जास्त, तर रंग गडद. बस इतकंच.

तुमच्या गल्लीत महिन्याला एक्क्याण्णव किलो साखर उचलली जाते. आणि लोकसंख्या आहे एक.

एक माणूस महिन्याला एक्क्याण्णव किलो खातो म्हटल्यावर रंगाच्या सगळ्या पायऱ्या त्याच्यातच संपल्या. बाकी जिल्ह्यासाठी फिकट पिवळाच उरला. मी साहेबांना म्हटलं, "सर, कुछ गड़बड़ है." ते नकाशाकडे बघतच राहिले. म्हणाले, "इसे कहते हैं नक्शा. आँख सीधी वहीं जाती है." तो मीटिंगमध्ये गेला आणि तिथे ठरलं की गल्लीत माणूस नसताना साखर जाते, म्हणजे चोरी आहे. १ ऑगस्टपासून दुकान तुमच्याकडून उठवून रुआबांध्याला नेणार. तिकडे नकाशात माणसं दाट आहेत आणि साखर फिकी.

दुसरी गोष्ट लिहायला लाज वाटते. दोन वर्षं मी टेम्पररी आहे. या नकाशावरून साहेबांनी मला परमनंट करायची शिफारस केली आहे.

नकाशा तुम्हाला पाठवला तो फ्रेमसाठी नाही. तुम्ही बघून सांगाल म्हणून. गल्लीत माणसं खरी किती? सर्व्हे गेल्या वर्षी मे महिन्यात झाला. फॉर्म दुर्गला आहे. त्यावर एका रहिवाशाची सहीही आहे म्हणतात.

आपली,
शैला

कॅम्प-१, भिलाई
४ जुलै १९९६

चि. शैलास आशीर्वाद.

नकाशा काढला. जानराव नाराज झाला. आता तिथे पुन्हा अगरबत्तीवाल्याचं कॅलेंडर आहे.

गल्लीत बेचाळीस घरं आणि दोनशे चौदा माणसं. पलीकडच्या चंपतच्या सुनेचे दिवस भरत आलेत, म्हणजे लवकरच दोनशे पंधरा होतील. सगळी आपल्या आर्वीकडचीच. कोणी प्लँटात, कोणी दुर्गला रेल्वेत, आणि जो तो एकमेकाचा सोयरा. सेक्टर १० चं क्वार्टर सोडून मी इथे आलो तो याचसाठी. तिकडे पेरूची बाग होती, पण निवृत्त माणसाशी बोलायला कोणी नव्हतं.

दुकान उठलं तर मोठी पंचाईत होईल. माझं एकट्याचं कसंही भागेल. तुळसाबाई सत्तरीची, दोन नाती पदरात. घासलेट, साखर, गहू, सगळं जानरावच्या दुकानातून, दारापासून वीस पावलांवर. तो तिला रांगेत उभं राहू देत नाही. रुआबांधा म्हणजे रेल्वेलाइन ओलांडून अर्ध्या दिवसाची वाट.

तुमच्या सर्व्हेचं म्हणशील तर काय बोलावं. माणसं मोजणं म्हणजे झाडावरची पाखरं मोजणं. मोजणारा येतो तेव्हा ती उडालेली असतात. तो गरीब टिकाराम भर उन्हात, डोक्याला ओला पंचा बांधून आला, काय लिहून गेला कोण जाणे. त्याला तरी दोष कसा द्यावा? सही कोणाची असेल, देवाला ठाऊक. तू आपल्या साहेबांना आकडा सांग, म्हणजे झालं.

परमनंटची बातमी वाचून आनंद झाला. तुझी आई तर मालगाडी मोजायला बसायची तेव्हाही डबे चुकवायची. तू मात्र आकड्यांची निघालीस.

तुझा मामा,
पुंडलिक

भोपाळ
१५ जुलै १९९६

ती. मामांस सा. न.

साहेबांना दोनशे चौदा सांगितलं. ते म्हणाले, "किसने गिने?" म्हटलं, "मामाजी ने." ते म्हणाले, "मामाजी कोई विभाग है क्या?"

मग मी डोकं चालवलं. म्हटलं, सर, साखर तर कार्डावर मिळते. दुकानात बेचाळीस कार्डं आहेत, कार्डांवर नावं आहेत. ती मोजू या. साहेब म्हणाले, कार्ड खपाच्या टेबलवर येतं आणि लोकसंख्या दुसऱ्या टेबलवरून. दोन टेबलं मिसळली तर डेटा खराब होतो. फॉर्मवर रहिवाशाची सही आहे. सहीपुढे मशीन काही करत नाही आणि साहेब तर मुळीच नाही.

एवढं मात्र जमलं की २६ तारखेला दुर्गहून एक अधिकारी गल्ली बघायला येतील. सगळ्यांना घरी थांबवा. एक एक माणूस दाखवा.

आणि मामा, एक विचारू? सर्व्हेवाल्याचं नाव टिकाराम हे तुम्हाला कसं कळलं? मी तर लिहिलं नव्हतं.

आपली,
शैला

कॅम्प-१, भिलाई
४ ऑगस्ट १९९६

चि. शैलास आशीर्वाद.

अधिकारी येऊन गेले. कसं झालं ते जसंच्या तसं लिहितो.

फर्स्ट शिफ्टवाल्यांनी सुट्टी टाकली, सेकंडवाले अंघोळी करून तयार. बाया नवी लुगडी नेसल्या. दोन्ही बाजूंना ओळीनं सगळे उभे. इतकी शिस्त मी झेंडावंदनाला पाहिली नाही. साहेब जीपमधून उतरले, हातात कागद. ओळींकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं.

"ये लोग कौन हैं?"

चंपत म्हणाला, "रहते हैं साहब, इसी गली में."

"इस गली में तो एक ही आदमी है."

तुळसाबाईनं मला कोपरानं ढोसलं. "काय म्हनते हा?" मी सांगितलं. ती पुढे झाली. "अन् मी कोन होय मंग? भूत?"

साहेबांनी जानरावला विचारलं, "माताजी क्या बोल रही हैं?" जानराव म्हणाला, "पूछ रही हैं कि वो कौन हैं." साहेब नम्र माणूस. म्हणाले, "मेहमान होंगी."

चंपत म्हणाला, "साहब, बत्तीस साल से मेहमान हूँ. चाय भी अपनी ही पी रहा हूँ."

साहेबांनी लुगडी पाहिली, पोरींच्या वेण्यांतली फुलं पाहिली. "शादी-ब्याह का मौका लगता है. भीड़ बहुत है." तसंच लिहिलं. मग विचारलं, "जो एक आदमी है, वो कौन है?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी मागे चष्मा पुसत होतो.

१ तारखेला दुकान उठलं. हातगाडीवर तराजू चढवताना जानराव कोणाकडे बघत नव्हता. काल तुळसाबाई पायी रुआबांध्याला गेली. कार्डावर शिक्का नव्हता म्हणून दोन तास बसवली. परतताना पाऊस आला आणि पिशवीत साखरेचा पाक झाला. गुडघा नारळाएवढा सुजला आहे. नात शेकून देते आणि ती पोर शाळेत जायची थांबली आहे.

तू काही विचारलं होतंस. पुढच्या पत्रात लिहीन. सध्या डोळ्यांना त्रास आहे.

तुझा मामा,
पुंडलिक

दुर्ग
१४ ऑगस्ट १९९६

मामा,

मी काल दुर्गला आले. भिलाईला नाही आले, मुद्दाम. ऑफिसात जाऊन फॉर्म काढायला लावला.

गल्ली, कॅम्प-१. कुल निवासी: एक. खाली सही. 'पु'च्या उकारातून निघालेली रेघ सगळ्या नावाखालून झोका घेऊन परत येते. ती सही माझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर आहे. बाबा रेल्वेच्या लाइनवर असायचे म्हणून तुम्ही करायचात. शेऱ्याच्या रकान्यात निळ्या शाईत, तुमच्याच अक्षरात कवितेच्या चार ओळी, मराठीत. त्याच्याखाली टिकारामनं लिहिलंय, "उत्तरदाता ने कविताएँ सुनाईं. एक घंटा चालीस मिनट."

कारकून हसत होता. मीही हसले, त्याच्यासमोर. बाहेर येऊन रडले.

नियम विचारला. सही केलेली नोंद, ज्यानं सही केली त्यानंच लिहून दिलं तर मागे घेता येते. दुसरं कोणी नाही. म्हणजे जूनमध्येच तुम्ही चार ओळी लिहिल्या असत्या तर दुकान उठलं नसतं. तुळसाआजीचा गुडघा सुजला नसता. आणि तुम्ही मला पाखरं सांगत बसलात.

लिहून द्या. माझ्या नोकरीचं मी बघून घेईन. नकाशा चुकला तर चुकला. आणि मामा, अर्जात कविता नको.

शैला

कॅम्प-१, भिलाई
२२ ऑगस्ट १९९६

चि. शैला,

अर्ज सोबत आहे. यादीही आहे. आता खरं काय झालं ते लिहितो.

गेल्या वर्षी मे महिन्यात चंपतच्या लेकीचं, रंभाचं लग्न आर्वीला होतं. नवरदेवही गल्लीतल्या निम्म्या घरांचा भाचा. अख्खी गल्ली सकाळच्या पॅसेंजरनं गेली. माझा गुडघा धरला होता, मी राहिलो. एक्केचाळीस घरांच्या किल्ल्या सुतळीत ओवून माझ्याकडे. पाच दिवस मी तुळशींना पाणी घालत हिंडत होतो. गल्लीत दुपारी प्लँटचा भोंगा वाजला की तेवढाच कोणी बोलल्यासारखं वाटे. चौथ्या दिवशी टिकाराम आला. भला माणूस. त्याला बसवलं, पन्हं दिलं. त्यानं विचारलं, "यहाँ कितने लोग रहते हैं?"

मी म्हणालो, "भाई, अकेला हूँ."

"पूरी गली में?"

मी म्हणालो, "पूरी दुनिया में."

त्यानं एक लिहिलं.

मग मी शाळेतल्या कविता म्हणायला लागलो. तो दोनदा उठला, दोनदा मी बसवला. शेवटी त्यानं फॉर्म पुढे केला तेव्हा आकडा वाचलाच नाही. कोणी सही मागतंय याचंच अप्रूप वाटलं.

जूनमध्ये तुझं पत्र आलं त्याच घडीला मला सगळं आठवलं. पण या गल्लीत मनिऑर्डरपासून अर्जापर्यंत सगळे कागद माझ्याकडे येतात. कागद लिहिणारा माणूसच कागदात बुडाला, हे सांगायला जीभ उचलेना.

परवा सांगितलं. मारुतीच्या पारावर सगळ्यांना बोलावून सांगितलं. चंपत हसायला लागला, मग थांबला. तुळसाबाईला खाटेवर आणलं होतं. ती म्हणाली, "लग्नात तू आला नाही तं आमी म्हनलं, बिचाऱ्याचा गुडघा दुखून राहिला असन. तुह्यासाठी लाडवाचा डबा आनला मी आर्वीहून. अन् तू इकडं आमाले पुसून टाकून राहिला होता."

मी कागद पुढे ओढला.

"चुलीत घाल तुही कविता. आता लिही. पयलं नाव माहं. तुळसाबाई. वय सत्तर. लिहिलं?"

लिहिलं. मग घरोघर गेलो. प्रत्येकानं नाव सांगितलं, वय सांगितलं. राधाबाईनं वय दोनदा बदललं. रात्रपाळीवाल्यांना झोपेतून उठवलं. चंपतच्या घरचं बाळ अजून बिननावाचं आहे, तिथे 'मुलगी, नऊ दिवस' असं लिहिलं. दोनशे पंधरा झाली. अर्जाच्या चार ओळी लिहायला मला दीड दिवस लागला. त्यात उपमा एकही नाही, तपासून पाहा.

तुझी नोकरी गेली तर ते पापही माझंच.

पुंडलिक

भोपाळ
३० सप्टेंबर १९९६

ती. मामांस सा. न.

मामा, बातमी चांगली आहे. चांगलीच म्हणायची.

तुमचा अर्ज मी स्वतः साहेबांसमोर ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. पण अहवाल तोवर छापून झाला होता, तीनशे प्रती, आणि मुखपृष्ठावर तोच लाल ठिपका. साहेब म्हणाले, आता नोंद मागे घेतली तर तीनशे मुखपृष्ठं मागे घ्यावी लागतील. यादी उलटून पाहिली. "इतने सारे नाम क्यों लगाए हैं? रिश्तेदार होंगे." मी म्हटलं, "सर, यही तो जनसंख्या है." ते म्हणाले, "बेटा, जनसंख्या छप चुकी."

पण माणूस वाईट नाही हो. अर्जात तुम्ही स्वतःचं वय बहात्तर लिहिलं होतं. त्यावर त्यांचं बोट थांबलं. दुसऱ्या दिवशी आदेश निघाला. तोच उतरवून पाठवते: "उक्त गली के एकमात्र निवासी की वृद्धावस्था को देखते हुए, सहानुभूतिपूर्वक, राशन दुकान पूर्व स्थान पर पुनः स्थापित की जाती है." म्हणजे तुम्ही एकटेच आहात आणि म्हातारे आहात. तुम्हाला लांब चालायला नको म्हणून दुकान परत. साखरेचा कोटाही एक्क्याण्णव किलोच राहील. तो दुसऱ्या टेबलवर आहे ना.

नकाशा चुकला नाही असं ठरलं, म्हणून मी परमनंट झाले. ऑफिसात पेढे मागताहेत. मी अजून आणले नाहीत.

तुळसाआजीला माझा नमस्कार सांगा. आदेशात काय लिहिलंय ते सांगायचं की नाही, तुम्ही ठरवा.

आपली,
शैला

कॅम्प-१, भिलाई
१३ ऑक्टोबर १९९६

चि. शैलास अनेक आशीर्वाद.

आदेश पारावर वाचून दाखवला, शब्द न शब्द. या वेळी काही लपवलं नाही. आधी सगळे हसले, चंपत तर खाली बसून हसला.  तुळसाबाई म्हणाली, "पुन्हा वाच." वाचलं.

"म्हंजे दुकान आलं, अन् आमी नाही आलो?"

म्हटलं, "हाव."

ती उठून घरी गेली.

परवा दुकान उघडलं. जानरावनं तराजूला हळदकुंकू लावलं. पहिला मान तुळसाबाईचा. ती काठी टेकत आली आणि कार्ड ठेवलं. जानराव साखर मोजायला लागला तर म्हणाली, "थांब. पयले नाव वाच."

"कायले आजी? मी तुले वयखत नाही का?"

"तू वयखतं. वाच, मोठ्यानं. भोपाळले आयकू गेलं पायजे."

जानरावनं वाचलं. "तुळसाबाई, वय सत्तर." ती म्हणाली, "हाव, हाये," आणि साखर घेतली. मागच्यानंही तेच मागितलं. त्याच्या मागच्यानंही. दुपारपर्यंत दुकानात नावं वाचणं चाललं होतं. लोक 'हाये' म्हणायचे आणि पिशवी उघडायचे. नऊ दिवसांची पोर आता दोन महिन्यांची झाली. तिचं नाव तारा ठेवलं. तिच्या वतीनं चंपतनं इतक्या जोरात 'हाये' म्हटलं की ती रडायला लागली.

माझी पाळी शेवटी आली. कार्ड ठेवलं आणि उभा राहिलो. जानराव मुकाट्यानं साखर मोजायला लागला. मी म्हणालो, "जानराव, माझं नाव?"

तो म्हणाला, "तुमचं कायले वाचू पुंडलिकभाऊ? तुमचं तं सरकारनंच वाचलं."

 मी साखर घेऊन घरी आलो.

पेढे आण, शैला. नोकरी तुझ्या कष्टाची आहे. पण वाटायला इथे ये आणि येताना दोनशे पंधरा मोजून आण.

तुझा मामा,
पुंडलिक